कलेची प्रत संगणकाने मोजता येते का?

चित्राचे सौंदर्य आकड्यांत बांधण्याचा प्रयत्न संगणकाहून जुना आहे. हार्वर्ड विद्यापीठातील गणितज्ञ जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांनी १९३३ मध्ये 'एस्थेटिक मेझर' या ग्रंथात एक सूत्र मांडले. कलाकृतीतील सुसंगतीला तिच्यातील गुंतागुंतीने भागले की सौंदर्याचे माप मिळते, असे ते सूत्र सांगते. त्यानुसार त्यांनी ९० बहुभुजाकृतींची क्रमवारी लावली. पहिला मान चौरसाला मिळाला.

आधुनिक चित्रकला मात्र अशा ठरीव आकारांत मावणारी नव्हती. अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉक (१९१२-१९५६) जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर रंग ठिबकवीत. रिचर्ड टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात या चित्रांचे संगणकीय विश्लेषण प्रसिद्ध केले. चित्राच्या प्रतिमेवर चौकोनांची जाळी टाकायची, चौकोन लहान करीत न्यायचे आणि दर वेळी किती चौकोनांत रंग आहे ते मोजायचे, अशी ही पद्धत. त्यातून पोलॉक यांच्या रंगरेषांत 'फ्रॅक्टल' रचना, म्हणजे लहान भागांतही मोठ्या भागासारखीच घडण आढळते, असा निष्कर्ष निघाला. अस्सल चित्र ओळखण्याची कसोटी म्हणूनही तिच्याकडे पाहिले गेले. २००६ मध्ये कॅथरीन जोन्स-स्मिथ आणि हर्ष माथुर यांनी 'नेचर'मध्येच तिला आव्हान दिले. हाताने गिरगटलेल्या चांदण्याही या कसोटीला उतरतात, असे त्यांनी दाखविले. टेलर यांना तो आक्षेप मान्य झाला नाही.

अल्बर्ट-लास्लो बाराबासी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर चित्रे तपासलीच नाहीत. सुमारे पाच लाख कलावंतांच्या १९८० ते २०१६ या काळातील प्रदर्शनांच्या नोंदींवरून कलादालने व संग्रहालये यांचे परस्परसंबंध त्यांनी मांडले. आरंभीच प्रतिष्ठित दालनात प्रवेश मिळालेल्यांना पुढेही अशी दालने खुली राहिली. परिघावरून सुरुवात करणाऱ्यांपैकी अनेकांची प्रदर्शने कालांतराने थांबली.

या आकड्यांनी प्रतिष्ठा मोजली. चित्राचा अर्थ आणि कस त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले. परंतु कलेची प्रत ठरविताना दालनाचे नाव किती जड ठरते, हे त्यांनी उघड केले. म्हणूनच कलावंताचे नाव झाकून निवड करावी, किंवा उपेक्षितांना सोडतीने संधी द्यावी, असे उपाय संशोधकांनी सुचविले.