पोलादी महामार्ग पुलांमधील शिणवट्याचे तडे

वाहनांच्या सततच्या ये-जा करण्याने पोलादी पुलाच्या भागांवरील प्रतिबल वारंवार कमी-जास्त होते आणि त्यामुळे त्यांत जे तडे उत्पन्न होऊन हळूहळू वाढतात, त्यांना शिणवट्याचे तडे म्हणतात. प्रत्येक वेळचा भार पोलादाच्या ताकदीपेक्षा पुष्कळ कमी असला तरीही असे तडे पडतात.

कारणे

तडा बहुधा तुळईच्या सपाट भागात नव्हे, तर वेल्डिंगच्या कडेशी सुरू होतो. तेथे आकार एकदम बदलल्याने प्रतिबल एकवटते आणि वेल्डमध्ये बारीक दोषही राहिलेले असतात. अशा जोडाचे आयुष्य प्रतिबलातील चढउतारावर अवलंबून असते. हा चढउतार दुप्पट झाला, तर आयुष्य सुमारे एक-अष्टमांशावर येते. म्हणूनच पुलाला मोटारींपेक्षा अवजड मालमोटारी शिणवतात. अधिक ताकदीचे पोलाद वापरल्यानेही वेल्डचे आयुष्य फारसे वाढत नाही.

दुसरा प्रकार काहीसा विपरीत आहे. शिणवट्याच्या भीतीने जुने अभियंते आडव्या तुळया जोडणाऱ्या पट्ट्या मुख्य तुळईच्या फ्लँजला, म्हणजे कडेच्या आडव्या पट्ट्याला, वेल्ड करीत नसत. त्यामुळे मध्ये राहिलेल्या अरुंद फटीपाशी उभा पत्रा प्रत्येक वाहनागणिक बाजूला वाकतो व तेथेच तडकतो. खबरदारीनेच दोष निर्माण केला.

यलो मिल पाँड पूल

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट येथील हा पूल 1958 मध्ये वाहतुकीस खुला झाला. 1970 मध्ये त्याच्या एका तुळईत मोठा तडा आढळला. तुळई बळकट करण्यासाठी फ्लँजवर वेल्ड केलेल्या जादा पट्टीच्या टोकाशी तो सुरू झाला होता आणि फ्लँज पूर्ण चिरून उभ्या पत्र्यात शिरला होता. लीहाय विद्यापीठाचे जॉन फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे केलेला अभ्यास या विषयात मूलभूत मानला जातो. बळकटीसाठी लावलेली पट्टीच तुळईचा सर्वांत दुबळा बिंदू ठरते, हे त्यातून स्पष्ट झाले.

दुरुस्ती

तड्याच्या टोकाशी गोल भोक पाडणे हा सर्वांत साधा उपाय होय. भोकामुळे तड्याचे अणकुचीदार टोक नाहीसे होते. मात्र खरे टोक नुसत्या डोळ्यांना दिसेलच असे नाही. ते रंगद्रव किंवा चुंबकीय कण वापरून शोधावे लागते. ते भोकाबाहेर राहिले, तर तडा पुढे चालूच राहतो. मूळ कारण दूर केले नाही, तर हा उपाय बहुधा तात्पुरताच ठरतो. मोठ्या तड्यावर दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या ठेवून त्या उच्च ताकदीच्या बोल्टांनी आवळतात. जागेवर पुन्हा वेल्डिंग करणे सोपे वाटते, परंतु त्यातून नवे दोष शिरण्याचा धोका असतो. तडा अगदी उथळ असेल, तर वेल्डची कड ठोकून किंवा पुन्हा वितळवून आयुष्य वाढवता येते. यलो मिल पाँड पुलावर या दोन्ही पद्धती वापरल्या गेल्या. फटीच्या तड्यांसाठी पट्टी फ्लँजला पक्की जोडतात.

तपासणी

तडा वेळीच दिसला, तरच हे उपाय उपयोगी पडतात. मेंफिस येथील मिसिसिपी नदीवरील हर्नांडो डी सोटो पुलाच्या एका मुख्य तुळईतील मोठा तडा मे 2021 मध्ये लक्षात आला व पूल तातडीने बंद करण्यात आला. तो निव्वळ शिणवट्याचा तडा नव्हता. त्याचे मूळ पूल घडवतानाच वेल्डमध्ये राहिलेल्या दोषात होते. मात्र 2016 मधील एका छायाचित्रातही तो दिसत असल्याचे नंतर उघड झाले. बोल्टांनी पोलादी पट्ट्या बसवल्यावर ऑगस्ट 2021 मध्ये पूल पूर्णपणे खुला झाला.