ब्रेसेस लावण्याआधी डॉक्टर कसे निवडाल?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत दातांचे दवाखाने पुष्कळ आहेत; पण प्रत्येक डेंटिस्ट ऑर्थोडॉन्टिस्ट नसतो. बीडीएसनंतर 3 वर्षांचे एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्समध्येच केले आहे का, हे आधी विचारा.

उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतात आणि दर 4 ते 6 आठवड्यांनी जावे लागते. म्हणून दवाखाना घराजवळचा बरा. एक्स-रे आणि दातांची मापे घेतल्याशिवाय तारा लावून घेऊ नका.

अलायनर दिसत नाहीत, पण रोज 20 ते 22 तास घालावे लागतात. मूल ते पाळणार नसेल, तर मेटल ब्रेसेसच योग्य.

तारा निघाल्यावर रिटेनर न वापरल्यास दात पुन्हा सरकतात. त्याचा खर्च आधीच लेखी घ्या. खर्च झेपत नसेल, तर सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा.