दलाल परीक्षेला बसला त्याची गोष्ट

घर घ्यायचं ठरलं की आपण आधी कोणाला भेटतो? बिल्डर पुढे कधीतरी भेटतो, वकील त्याहून उशिरा. पहिला भेटतो तो एजंट, आपल्या बोलीत दलाल. फ्लॅट तोच दाखवतो, भाव तोच सांगतो, टोकन द्यायची घाईही तोच करतो. भिशीचे, पगारातले, दागिने मोडून आलेले पैसे त्याच्या शब्दावर पुढे सरकतात. या माणसाला आपल्या कामाचं काही शिक्षण असावं, हे आपल्या राज्यात ठरायला किती वर्षं लागली, ते आज पाहू.

पूर्वी ही विद्या कानावरून कानावर जायची. कोणाची खोली रिकामी होतेय, पागडी किती चाललीय, कोणत्या तलाठ्याकडे सातबारा मिळेल, हे ज्याला ठाऊक तो दलाल. पानाच्या टपरीवर किंवा किराणा दुकानातही हा धंदा चालायचा. त्यात जाणती, प्रामाणिक माणसं होती आणि थापाडेही होते. दोघांत फरक ओळखायला आपल्याकडे काही साधन नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत मालकीचे फ्लॅट विकले जाऊ लागले, तशा फसवणुकीच्या तक्रारीही वाढल्या. म्हणून 1963 साली सदनिकांच्या मालकीविषयीचा राज्याचा कायदा आला. लोक त्याला ‘मोफा’ म्हणतात. बिल्डरने कागदपत्रं दाखवावीत, किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी करार करून तो नोंदवावा, असे नियम त्यात आले. कायद्याची नजर होती बिल्डरवर. घर दाखवणारा मधला माणूस मात्र तसाच मोकळा राहिला.

दुसरीकडे काय चाललं होतं? अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने 1919 सालीच घर-जमिनीच्या दलालांसाठी परवान्याचा कायदा केला होता. आज तिथे दर चार वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण होतं आणि त्यासाठी साधारणपणे 45 तासांचं शिक्षण पुन्हा घ्यावं लागतं.

आपल्याकडे हा माणूस कायद्यात आला तो 2016 च्या रेरा कायद्याने. 1 मे 2017 पासून राज्यात महारेराचं काम सुरू झालं. नव्या नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायचं तर एजंटलाही नोंदणी करणं बंधनकारक झालं. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर त्याने विकायचं नाही, खोटी आश्वासनं द्यायची नाहीत, ग्राहकाला हक्काची सगळी कागदपत्रं मिळवून द्यायची. नोंदणीविना काम केलं तर दिवसाला दहा हजार रुपये दंड, आणि तो वाढत त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

पण नोंदणी करून ज्ञान येत नाही. फॉर्म भरला, फी भरली, नंबर मिळाला. कार्पेट एरिया म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असेलच असं नव्हतं. म्हणून 2023 च्या जानेवारीत महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. वीस तासांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर परीक्षा. ही परीक्षा घेते बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था, आयबीपीएस. पहिली परीक्षा त्याच वर्षी मे महिन्यात झाली. मुदत वाढत वाढत गेली आणि 1 जानेवारी 2024 पासून प्रमाणपत्राशिवाय नोंदणी किंवा नूतनीकरण नाही, असं ठरलं. प्रमाणपत्र न दाखवणाऱ्या हजारो एजंटांची नोंदणी पुढे स्थगितही झाली.

या शिक्षणाचा आपल्याशी काय संबंध, ते एका उदाहरणाने सांगते. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, असं राज्याने 1 एप्रिल 2021 पासून केलं. तीस लाखांच्या घरावर हे तीस हजार रुपये झाले. सवलतीला एक अट होती: पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. ही अट 2023 मध्ये काढून टाकली. आता समजा, एजंट 2021 मध्ये जे ऐकलं त्यावरच थांबलाय. तो सांगणार, “ताई, तुमच्या नावावर नका घेऊ, विकताना अडकाल.” घरातल्यांनाही ते पटणार. जुन्या माहितीपायी सवलत जाते आणि दारावरच्या पाटीवरचं तिचं नावही जातं. वीस तासांचं शिक्षण एकदा घेऊन भागत नाही ते यासाठीच. नियम बदलला की शिकणंही पुन्हा आलं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रेराची ही नोंदणी नव्या प्रकल्पांतल्या विक्रीपुरती आहे. जुना फ्लॅट किंवा भाड्याची खोली यांचा दलाल अजून या परीक्षेच्या बाहेरच आहे. म्हणजे परगावी नोकरीला गेलेली आपली मुलगी खोली शोधते, तेव्हा तिला भेटणारा माणूस काहीही न शिकता तिथे उभा असू शकतो.

तेव्हा नवं घर पाहायला जाल तेव्हा एजंटला नोंदणी क्रमांक विचारा. तो इंग्रजी ‘ए’ने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतात. स्वतःला जमत नसेल तर कॉलेजातल्या मुलीला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. मग विचारा, “भाऊ, कार्पेट एरिया किती?” कार्पेट म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा. तिच्यात आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. उत्तरात तो पुन्हा ‘सुपर बिल्ट-अप’ सांगू लागला, तर टोकनची पर्स उघडू नका.

आणि ज्यांना माणसांशी बोलायला आवडतं, गावातली प्रत्येक गल्ली पाठ आहे, हिशेब चोख आहे, त्यांनी या परीक्षेचा स्वतःसाठीही विचार करावा. टपरीवर बसून ही विद्या शिकणं आपल्याला कधी जमलं नसतं. वर्गात बसून मात्र ती आता शिकता येते.