सावली वाचायला शिकणे : क्ष-किरणतज्ज्ञ घडवण्याची सव्वाशे वर्षे

वाचकहो, तुमच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर एक्स-रेची दोन-चार मोठी पाकिटे असतीलच. कुणाच्या मोडलेल्या खुब्याची, कुणाच्या छातीची, नातवाच्या हाताची. पाकिटात फिल्म असते आणि टाइप केलेला एक कागद असतो. त्या कागदाला आपण रिपोर्ट म्हणतो. बहुतेकांची समजूत अशी, की तो रक्तातल्या साखरेच्या आकड्यासारखा यंत्रातूनच बाहेर पडतो. तसे नाही. यंत्र फक्त सावली पाडते. ती सावली कशाची आहे हे कुणीतरी माणूस बघतो, विचार करतो आणि खाली सही करतो. रिपोर्ट म्हणजे त्या माणसाचे मत. असे मत देण्याची पात्रता कशी येते आणि ती शिकवण्याची रीत कशी बसत गेली, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. रेडिओलॉजी मी शिकलेलो नाही. तपासणीसाठी चिठ्ठी लिहून रोगी पाठवणारा आणि आलेला रिपोर्ट वाचणारा, एवढाच माझा तिच्याशी रोजचा संबंध. पण या शाखेचा इतिहास वाचू लागलो तेव्हा त्यात एक क्रम पुन्हा पुन्हा दिसला. आधी यंत्र आले, मग त्याची किंमत कुणीतरी मोजली, आणि त्यानंतर शिक्षण आले. हा क्रम तुमच्यापुढे मांडतो.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रंटगेन यांना हे अज्ञात किरण सापडले. अज्ञात म्हणून त्यांनी त्याला एक्स म्हटले, आपण क्ष म्हणतो. डिसेंबरअखेर त्यांचा निबंध छापायला गेला. शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही, त्यामुळे काही आठवड्यांतच युरोप-अमेरिकेत ज्याच्याकडे विजेची नळी आणि बॅटरी होती तो प्रत्येक जण एक्स-रे काढू लागला. त्यात डॉक्टर होते, तसेच फोटोग्राफर आणि वीजकाम करणारेही होते. शिकवणारा कुणीच नव्हता, कारण शिकलेलाच कुणी नव्हता.

त्या काळच्या नळ्या लहरी असत. आज किरण किती खोल जातात आणि उद्या किती, याचा भरवसा नसे. मग काम सुरू करण्यापूर्वी नळी तपासायची कशी? चालवणारा स्वतःचा हात नळी आणि चमकणारा पडदा यांच्यामध्ये धरी. हाडे नीट दिसली की नळी ठीक. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे हेच. आधी कातडी लाल होई, मग भेगा पडत, जखमा भरत नसत आणि शेवटी कर्करोग होई. एडिसनचा सहायक क्लॅरन्स डॅली १९०४ साली असाच गेला. बर्मिंगहॅमचे डॉक्टर जॉन हॉल-एडवर्ड्स यांना १९०८ साली डावा हात गमवावा लागला. १९३६ साली जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात या किरणांनी बळी घेतलेल्यांचे स्मारक उभारले, तेव्हा त्यावर १६९ नावे कोरली होती. पुढे ती वाढत गेली.

या यादीशी माझ्या शाखेचाही संबंध आहे. शिकागोचा एमिल ग्रुबे हा काचेच्या निर्वात नळ्या बनवणारा तरुण तिथल्या हानेमान मेडिकल कॉलेजात होमिओपॅथी शिकत होता. जानेवारी १८९६ मध्येच आपण क्ष-किरणांनी एका कर्करोगाच्या रोग्यावर उपचार केला, असा दावा तो पुढे आयुष्यभर करीत राहिला. इतिहासकारांना या दाव्याबद्दल शंका आहे. त्याने याच विषयाचे अध्यापन केले आणि हाताच्या जखमांमुळे त्याच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, याबद्दल मात्र वाद नाही. १९६० साली तो वारला.

या नुकसानीतून हळूहळू दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एक संरक्षण, दुसरी पदविका. १९२१ साली लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातले क्ष-किरणतज्ज्ञ आयर्नसाइड ब्रूस ऐन उमेदीत वारले. वृत्तपत्रांत गाजावाजा झाला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये किरणांपासून बचावाचे नियम करणारी समिती बसली. शिशाचा एप्रन, भिंतीची जाडी, कामाचे तास यांचे हिशेब तिथून सुरू होतात. आज आपल्याकडच्या निवासी डॉक्टरच्या छातीवर जो छोटा बॅज असतो, तो ठराविक मुदतीने प्रयोगशाळेत जातो आणि त्याच्या अंगावर किती किरण पडले ते मोजले जाते. भारतातली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. त्या बॅजचे मूळ ब्रूससारख्यांच्या मरणात आहे.

पदविकेची निकड पहिल्या महायुद्धाने लावून धरली. जखमी सैनिक हजारोंनी येत होते आणि यंत्रासमोर उभे राहण्याजोगी माणसे मोजकीच होती. फ्रान्समध्ये मेरी क्यूरी यांनी सुमारे दीडशे स्त्रियांना क्ष-किरणांचे काम शिकवले. ब्रिटनमध्ये डॉक्टरांनी आग्रह धरला, की हे काम छायाचित्रकाराचे नव्हे, वैद्यकाचे आहे आणि त्याची परीक्षा हवी. १९२० साली केंब्रिज विद्यापीठाने मेडिकल रेडिओलॉजी आणि इलेक्ट्रॉलॉजीची पदविका सुरू केली. परीक्षेचे दोन भाग होते: पहिला पदार्थविज्ञान आणि विद्युत्तंत्र, दुसरा रोगनिदान व उपचार. पदविकेची आद्याक्षरे डी. एम. आर. ई. केंब्रिजने ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद केली. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स या १९१२ साली स्थापन झालेल्या संस्थेने मात्र हेच नाव चालू ठेवले. आपल्या भागातल्या सोनोग्राफी सेंटरच्या पाटीवर डॉक्टरांच्या नावापुढे डी.एम.आर.ई. दिसले, तर त्यातल्या शेवटच्या ई मागे ही कथा आहे, हे ध्यानात ठेवा. विजेचे झटके देऊन उपचार करण्याचा तो काळ कधीच सरला. अक्षर तेवढे राहिले.

निवासी डॉक्टर या शब्दालाही इतिहास आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली उघडले, तेव्हा विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी जर्मन धर्तीवर पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची पद्धत बसवली. शिकणारा डॉक्टर रुग्णालयातच राहायचा, म्हणून तो रेसिडेंट. ज्येष्ठाच्या नजरेखाली काम करायचे आणि दरवर्षी थोडी जास्त जबाबदारी घ्यायची, हे त्या पद्धतीचे सूत्र. रेडिओलॉजीने पुढे तेच उचलले.

आता भारताकडे येऊ. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत, वॉल्टर बीव्हर या लष्करी डॉक्टरने यंत्र नेऊन जखमींच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डेहराडूनला सरकारी एक्स-रे संस्था निघाली आणि लष्करी व सरकारी डॉक्टरांना तिथे हे काम शिकवले जाऊ लागले. १९३४ साली मद्रासच्या सरकारी रुग्णालयात बर्नार्ड इन्स्टिट्यूट उघडले. देशातल्या पद्धतशीर रेडिओलॉजी शिक्षणाचे ते एक आद्य पीठ. १९४७ साली या विषयाचे भारतीय नियतकालिक निघाले. आपल्या गावांतली वैद्यकीय महाविद्यालयेही याच सुमारास उभी राहत होती: ग्वाल्हेरचे १९४६ साली, इंदूरचे १९४८, बडोद्याचे १९४९, बेळगावचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ साली. गोव्यात पोर्तुगीजांची १८४२ पासूनची वैद्यकशाळा मुक्तीनंतर गोवा मेडिकल कॉलेज झाली. आज तुमच्या घरातली मुले-मुली रेडिओलॉजी शिकण्यासाठी ज्या विभागांत जातात, त्यांची पाळेमुळे अशी पसरलेली आहेत.

जुन्या काळी या विभागात शिकणे म्हणजे अंधारात बसणे होते, आणि हे शब्दशः खरे आहे. बेरियम पाजलेल्या रोग्याचे पोट पडद्यावर बघायचे, तर पडदा इतका मंद उजळे, की डोळे अंधाराला सरावल्याशिवाय काही दिसतच नसे. म्हणून डॉक्टर आधी वीस-पंचवीस मिनिटे अंधारखोलीत बसत, किंवा दालनातून फिरताना लाल काचांचा चष्मा घालून राहत. फिल्म धुऊन निघाली की ओली असतानाच, पाणी ठिबकत असताना, उजेडाच्या पेटीवर लावून पाहिली जाई. ज्येष्ठ डॉक्टर समोर, विद्यार्थी मागे उभे. ज्येष्ठ विचारायचा, काय दिसते? उत्तर आले की पुन्हा विचारायचा, आणखी काय?

त्या 'आणखी काय' ला शास्त्राचा आधार नंतर मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत क्षयरोग शोधण्यासाठी छातीच्या फिल्म मोठ्या संख्येने काढल्या जात होत्या. त्याच त्या फिल्म अनेक अनुभवी तज्ज्ञांना दाखवल्या, तेव्हा त्यांच्यात मतभेद निघाले; इतकेच नव्हे, काही काळाने त्याच तज्ज्ञाला तीच फिल्म दाखवली, तर तो स्वतःच्याच आधीच्या मताशी असहमत होई. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. हेन्री गार्लंड यांनी १९४९ साली हे उघडपणे मांडले. दोष असलेल्या फिल्मपैकी सुमारे ३० टक्के अनुभवी डोळ्यांतूनही निसटत होत्या. या व्यवसायाला ते झोंबले, पण शिक्षणाला त्यामुळे वळण लागले. एका फिल्मवर दोन जोड्या डोळे फिरावेत, ही रीत पक्की होत गेली. १९६२ साली विल्यम टडनहॅम यांनी दुसरी गोष्ट दाखवली: एक दोष सापडला, की मन तृप्त होते आणि शोध थांबतो. बरगडी मोडलेली दिसते, आणि तिच्यामागची फुप्फुसातली गाठ राहून जाते.

म्हणून आजच्या निवासी डॉक्टरला पहिल्या वर्षी जे शिकवतात ते फार साधे आहे. फिल्म हाती आली, की आधी नाव, तारीख, डावी-उजवी खूण पाहायची. नंतर ठरलेल्या क्रमाने सगळे बघायचे. फुप्फुसांची टोके, हृदयामागची जागा, पडद्याखालचा भाग. डोळ्यात भरणारी गोष्ट शेवटी. शक्य तिथे दोन बाजूंनी फिल्म घ्यायची, कारण या शाखेत म्हणतातच, की एका बाजूचे दर्शन हे दर्शनच नव्हे. आम्हा जैनांना यात अनेकांतवाद ओळखीचा वाटतो. समोरून एकच दिसणाऱ्या दोन सावल्या बाजूने बघितल्या, की वेगळ्या निघतात. आणि रिपोर्टात 'हे असू शकेल, तेही असू शकेल, पहिल्याची शक्यता जास्त' असे लिहावे लागते. असा रिपोर्ट पाहून अनेकांना वाटते, की डॉक्टरला काही कळलेले नाही. पण आपल्याला नेमके कुठपर्यंत दिसते हे ओळखणे, हाच तीन वर्षांच्या एम.डी. शिक्षणातला सर्वांत अवघड धडा आहे.

यंत्रे वाढली तसा अभ्यासही वाढला. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली पोटाच्या सोनोग्राफीवर निबंध छापला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. सोनोग्राफीने पुन्हा तोच क्रम दाखवला; फक्त या वेळी किंमत डॉक्टरांनी मोजली नाही. गर्भाचे लिंग पाहून मुली नाकारल्या गेल्या. महाराष्ट्राने १९८८ साली याविरुद्ध कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही देशात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४५ होती, ती २००१ साली ९२७ झाली; महाराष्ट्रात ९४६ वरून ९१३. आपल्या सुशिक्षित, सुस्थित घरांनीही यात हातभार लावला, हे आपण मान्य केले पाहिजे. त्यानंतर प्रोब कुणी धरायचा, कुठल्या नोंदणीकृत खोलीत धरायचा, कुठला फॉर्म भरायचा, हे सगळे शिक्षणाचा भाग झाले. आजची निवासी डॉक्टर गर्भाचे हृदय बघायला शिकते, आणि काय सांगायचे नाही हेही शिकते.

आता नवे यंत्र आले आहे. २०१६ साली संगणकतज्ज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले, की रेडिओलॉजिस्ट तयार करणे आता थांबवावे, कारण थोड्याच वर्षांत संगणक त्यांच्यापेक्षा चांगले वाचेल. पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल १९०१ साली रंटगेन यांना मिळाले होते. २०२४ साली तेच पारितोषिक मिळवणाऱ्या दोघांत हिंटन आहेत. त्यांचे भाकीत मुदतीत खरे ठरलेले नाही. रेडिओलॉजीच्या जागांसाठी आजही वरचे गुणवंत धडपडतात. तरी एक प्रश्न उरतो. रोजच्या शेकडो साध्या फिल्म पाहूनच डोळा तयार होतो. त्या साध्या फिल्म उद्या संगणकच वाचू लागला, तर अवघड फिल्म वाचणारा डोळा कुठे तयार होईल? आणि संगणकाची चूक पकडणार कोण? या वेळी तरी किंमत मोजण्याआधी शिक्षणाचा विचार व्हावा, एवढीच अपेक्षा.

वाचकहो, यात तुमचाही वाटा आहे. जुन्या फिल्म रद्दीत टाकू नका. पाच वर्षांपूर्वीची सावली शेजारी असली, तर आजचे मत बदलू शकते. तपासणीला जाताना दुखते कुठे, कधीपासून, आधी कसले ऑपरेशन झाले, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. नुसते 'छातीचा एक्स-रे' लिहिलेल्या चिठ्ठीने वाचणाऱ्याचे अर्धे काम अडते. आणि मोठ्या रुग्णालयात तुमच्या आईच्या पोटावर आधी एखादी तरुण मुलगी बराच वेळ प्रोब फिरवते, मग तिचे सर येऊन पुन्हा तेच करतात, तेव्हा वैतागू नका. दोन जोड्या डोळे फिरत आहेत. ती मुलगी शिकते आहे, आणि आणखी वीस वर्षांनी तुमच्या मुलांच्या फिल्मही तीच वाचणार आहे.