इमरान आणि त्याचे वाचक

मोमिनपुरा किंवा कामठीच्या उर्दू वाचणाऱ्या घरांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना इब्ने सफी हे नाव नव्याने सांगावयास नको. उर्दूत अश्लील मजकुराखेरीज काही खपत नाही, असे अलाहाबादच्या एका बैठकीत कोणी म्हणाले. त्यास उत्तर म्हणून मार्च १९५२ मध्ये ‘जासूसी दुनिया’ ही मासिक कादंबरीमाला निघाली. त्याच वर्षी लेखक कराचीस गेले, तरी अलाहाबादहून प्रकाशन चालूच राहिले.

१९५५ साली इमरान अवतरला. वरून निव्वळ बावळट; आतून मात्र गुप्तहेर खात्याचा प्रमुख ‘एक्स-टू’. फोनवर ज्याच्या आवाजाने हाताखालची माणसे थरथरत, त्याचीच समोरासमोर थट्टा करीत! खरी गंमत वाचकाला तेवढी ठाऊक असे.

वाचक पत्रे लिहीत आणि लेखक पुढील पुस्तकाच्या ‘पेशरस’ नामक प्रास्ताविकात कधी चिमटा काढून, कधी कान उपटून उत्तर देत. महिनाभर उत्तराची वाट पाहणारा हा वाचक साधा गिऱ्हाईक नव्हता.

१९६० मध्ये लेखक मानसिक आजाराने खिळले. तीन वर्षे लेखणी थांबली. मिळत्याजुळत्या नावांच्या नकली कादंबऱ्यांनी बाजार भरला, पण वाचकांनी अस्सल-नकल बरोबर ओळखली. नोव्हेंबर १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ आली. भारतात तिचे प्रकाशन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले, आणि आठवड्याभरातच दुसरी आवृत्ती काढावी लागली.

वडीलधारी मंडळी या पुस्तकांना वाया गेलेल्यांचे वाचन म्हणत. मात्र उशीखालचे पुस्तक सापडले की परत देण्यापूर्वी तेही वाचून काढीत.