सामायिक बाजार आणि दूरचे सोयरे

एखादे राष्ट्र व्यापारी गटातून बाहेर पडते, तेव्हा लगतच्या शेजाऱ्यांशी त्याचे काय बिनसले याचीच चर्चा अधिक होते. त्याच्या दूरच्या सोयऱ्यांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मागे पडतो. वास्तविक ब्रिटनने पन्नास वर्षांच्या आत दोन वेळा असे घर बदलले आणि दोन्ही वेळा त्याची झळ सातासमुद्रापार पोचली. या घडामोडींचा उत्तम साक्षीदार म्हणजे न्यूझीलंड.

१५ फेब्रुवारी १८८२ रोजी ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज गोठवलेले मांस घेऊन त्या देशाच्या किनाऱ्यावरून निघाले आणि ९८ दिवसांनी लंडनला पोचले. माल उत्तम स्थितीत होता. त्या दिवसापासून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा हा देश जणू ब्रिटनचे कुरण बनला. पुढे १९३२ च्या ओटावा परिषदेत साम्राज्यातील देशांनी परस्परांच्या मालाला जकातीत सवलती दिल्या. पारतंत्र्यातील आपला देशही त्या व्यवस्थेत बांधला गेला. १९५० च्या सुमारास न्यूझीलंडच्या निर्यातीपैकी जवळजवळ दोन तृतीयांश माल एकटे ब्रिटन घेत असे. तेथील वसाहतकऱ्यांचे वंशज ब्रिटनचा उल्लेख ‘घर’ असाच करीत.

परंतु घराचे मन शेजाऱ्यांकडे ओढ घेत होते. १९६१ मध्ये ब्रिटनने युरोपीय सामायिक बाजारात प्रवेश मागितला. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ व १९६७ अशी दोनदा ती वाट अडविली. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी प्रवेश झाला. युरोपची सामायिक जकात स्वीकारावयाची, म्हणजे राष्ट्रकुलातील जुन्या सवलती सोडावयाच्या, हे ओघानेच आले. न्यूझीलंडचे वाटाघाटी करणारे मंत्री जॉन मार्शल यांनी लोणी व चीज यांसाठी काही वर्षांची, क्रमाक्रमाने घटणारी मुभा मिळविली. ऑस्ट्रेलियाच्या पदरात तितकेही पडले नाही.

यामुळे हे देश बुडाले काय? नाही. मात्र त्यांना नवी गिऱ्हाइके शोधावी लागली. ऑस्ट्रेलियाने १९५७ सालीच जपानशी व्यापारी करार केला होता आणि त्या दशकाच्या पुढील दशकात जपान त्याचा सर्वांत मोठा ग्राहक झाला. १९८३ मध्ये या दोन शेजाऱ्यांनी आपसांत निकटचा आर्थिक करार केला. २००८ मध्ये न्यूझीलंडने चीनशी मुक्त व्यापाराचा करार केला. विकसित राष्ट्रांत तो मान त्याचा पहिला. या वाटचालीत हाल झाले, पण परावलंबनही सुटले.

आता दुसरा अंक. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटिश मतदारांनी अल्प बहुमताने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. आता जुने सोयरे धावत येतील, अशी अनेकांची अपेक्षा होती. ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर २०२१ मध्ये व न्यूझीलंडशी फेब्रुवारी २०२२ मध्ये करार झाले. दोन्ही ३१ मे २०२३ पासून अमलात आले. पण ब्रिटिश सरकारच्याच अंदाजाप्रमाणे न्यूझीलंडच्या कराराने राष्ट्रीय उत्पन्नात दीर्घकाळात पडणारी भर शेकडा ०.०३ इतकीच होती. शिवाय या वेळी तक्रार केली ती ब्रिटनच्याच मेंढपाळांनी! घाई ब्रिटनला होती; समोरच्यांची दुकाने अन्यत्र थाटलेली होती.

भारताचा अनुभव याहून बोलका आहे. जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटी साडेतीन वर्षे चालल्या आणि २४ जुलै २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. भारताने दुग्धपदार्थ त्यातून निग्रहाने बाहेर ठेवले. ओटावा येथे आपल्या शिष्टमंडळामागे परकी सत्ता उभी होती. आता दोन्ही बाजूंना सार्वभौम राष्ट्रे होती.

आम्हां बदलीवाल्यांना हे समजण्यास कठीण जाऊ नये. वीस वर्षांनी गावी परतावे, तर माणसे प्रेमाने चहा देतात. पण आपण सोडलेल्या जागी त्यांनी केव्हाच दुसरी बैठक घातलेली असते. त्यात त्यांचा दोष नसतो. दूरच्यांशी नाते टिकवावयाचे, तर निघतानाच त्यांची सोय पाहावी लागते. परत येताना ती आठवून फारसे भागत नाही.