एकतीस हजार कंडेन्सर आणि एक सरकारी शिक्का

मोटर वाइंडिंगच्या धंद्यात मला बत्तीस वर्षं झाली. दुकानात येणाऱ्या दहा पंख्यांपैकी निदान चारांचं दुखणं एकच असतं : कंडेन्सर गेलेला. पुस्तकात त्याला कपॅसिटर किंवा धारित्र म्हणतात. पण आमच्या पेठेत ‘एक धारित्र द्या’ म्हणून अजून कोणी आलेलं नाही. पदवी नसलेल्या माणसानं पेटंटच्या इतिहासावर लिहावं का, असं कोणाला वाटलं तर त्याला माझं उत्तर एवढंच, की मी या विषयाकडे विद्यापीठातून आलो नाही, एका मित्राच्या नुकसानीतून आलो.

२०११च्या पावसाळ्यात अण्णा दुकानात आले. अण्णा वीज खात्यातून निवृत्त झालेले, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला कागदांचा गठ्ठा. बॅटरीची जागा घेणाऱ्या नव्या कपॅसिटरची जिल्ह्याची एजन्सी एक कंपनी देत होती, अनामत दोन लाख. माहितीपत्रकाला एका अमेरिकन पेटंटची छापील प्रत जोडलेली. पुढे कळलं, की मूळ पेटंटधारक कंपनीशी या एजन्सीवाल्यांचा काडीचाही संबंध नव्हता. वजन यावं म्हणून कागद जोडला होता. “हे वाच,” अण्णा म्हणाले, “अमेरिकेच्या सरकारनं तपासून दिलंय. तू काय त्यांच्यापेक्षा शहाणा?”

मी वाचलं. अर्धं कळलं नाही. मन म्हणत होतं, हे होणं नाही. पण का होणं नाही, ते सांगता येईना. “थोडं थांबा, अण्णा,” एवढंच म्हणालो. ते थांबले नाहीत. आठ महिन्यांनी त्या कंपनीच्या कार्यालयाला कुलूप होतं. अण्णांनी मला कधी दोष दिला नाही. पण त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं, हे सलत राहिलं. ते उत्तर शोधण्यात माझ्या पुढच्या अनेक रात्री गेल्या. हा लेख म्हणजे ते उशिरा सापडलेलं उत्तर.

●

त्या पेटंटचा क्रमांक ७०३३४०६. अर्ज १२ एप्रिल २००१चा, मंजुरी २५ एप्रिल २००६ची. संशोधक रिचर्ड वेअर आणि कार्ल नेल्सन, कंपनी टेक्सासमधल्या सीडर पार्क गावची ‘ईईस्टोर’. कल्पना थोडक्यात अशी : बेरियम टायटनेट नावाच्या मातीच्या जातीच्या पदार्थात काही मूलद्रव्यं मिसळून त्याची भुकटी करायची, तिच्या कणांवर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा आणि काचेचा पातळ लेप द्यायचा, तिचे अतिशय पातळ थर आणि निकेलचे पत्रे एकाआड एक रचून भाजायचे. अशी छोटी छोटी घरं, म्हणजे सुटे कपॅसिटर, ३१ हजारांहून जास्त करायचे आणि सगळे समांतर जोडायचे. तयार होणाऱ्या पेटीत ३५०० व्होल्टला ५२.२२ किलोवॉट-तास, म्हणजे घरच्या मीटरवरची ५२ युनिटं मावतील. वजन सुमारे दीडशे किलो. काही मिनिटांत भरेल आणि कितीही वेळा वापरली तरी झिजणार नाही.

कपॅसिटरमध्ये किती ऊर्जा मावते याचं सूत्र दहावीचा मुलगाही समजू शकेल : धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४४० व्होल्टला धरला, तर त्यात पाव ज्यूलच्याही थोडी कमीच ऊर्जा असते. पेटंटातल्या पेटीत १८ कोटी ८० लाख ज्यूल. म्हणजे पंख्याचे साधारण ७८ कोटी कंडेन्सर एका पेटीत! वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब केला तेव्हा मी तो तीनदा तपासला. हिशेब बरोबर होता. पेटंटातला हिशेबही बरोबर आहे. सूत्रात चूक नाही, गुणाकारात चूक नाही. सगळी गोम गुणाकारात घातलेल्या आकड्यांत आहे.

त्यांतले दोन आकडे महत्त्वाचे. पहिला आकडा थर किती व्होल्टेज सोसेल याचा. थर सुमारे दहा मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा, आणि त्यावर ३५०० व्होल्ट. एवढ्या पातळ थरात सुईच्या टोकाएवढं जरी छिद्र राहिलं तरी ठिणगी तिथून आरपार जाते. बरं, सगळी घरं समांतर जोडलेली. त्यातलं एक फुटलं, की उरलेल्या तीस हजार घरांची वीज त्याच वाटेनं धावणार. पाण्याच्या टाक्या खालून एकमेकींना जोडल्या आणि एकीला भोक पडलं, तर सगळ्याच रिकाम्या होतात, तसं. म्हणून इथं जवळजवळ निर्दोष थर हवेत, तेही हजारोंच्या संख्येनं.

दुसरा आकडा त्याहून अवघड. बेरियम टायटनेट वीज भरपूर साठवतं हे खरं. कागद किंवा प्लॅस्टिकपेक्षा हजारो पटींनी सरस. पण व्होल्टेज वाढवत नेलं की त्याची ही ताकद उतरत जाते. उसाच्या चिपाडाला पहिल्या दाबाला जेवढा रस सुटतो तेवढा चौथ्या दाबाला सुटत नाही, तसं काहीसं. सिरॅमिक कपॅसिटर वापरणाऱ्या कोणाही इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला हे ठाऊक असतं. छोट्या चिप-कपॅसिटरवर नेमून दिलेलं पूर्ण व्होल्टेज लावलं, की त्याची छापील धारकता पुष्कळ घसरते. ईईस्टोरच्या हिशेबात मात्र ही ताकद ३५०० व्होल्टलाही कायम धरलेली होती. सूत्रात व्होल्टेजचा वर्ग येतो, म्हणून तिथं ती टिकली तर सोनं, नाही टिकली तर माती.

●

मग परीक्षकानं हे पाहिलं कसं नाही? अण्णांच्या वतीनं मला हाच प्रश्न पडला होता. उत्तर शोधताना कळलं, की प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला जात होता.

पेटंट परीक्षकाच्या टेबलावर यंत्र येत नाही, कागद येतो. अमेरिकेत १८८० पर्यंत बहुतेक अर्जांसोबत छोटं मॉडेल द्यावं लागे. पुढे जागा पुरेना म्हणून ते बंद झालं. आज एका अर्जामागे परीक्षकाला सरासरी वीस तासांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात त्यानं तीन-चार गोष्टी तपासायच्या. हे आधी कोणी केलंय का? त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखं आहे का? दुसऱ्या जाणकाराला करून बघता येईल इतकं सविस्तर लिहिलंय का? आणि याचा काही उपयोग आहे का? अर्जदारानं लिहिलेलं खरं धरूनच परीक्षक सुरुवात करतो. ते अविश्वसनीय आहे असं म्हणायचं, तर ते दाखवायची जबाबदारी त्याची.

इंधनाशिवाय कायम चालणारं चाक कोणी घेऊन आलं, तर परीक्षक त्याला परत पाठवतो, कारण ते निसर्गनियमाविरुद्ध आहे. मॉडेल मागण्याचा अधिकार आजही त्याच्याकडे आहे. पण इथं निसर्गनियम कुठे मोडला होता? पेटीत जेवढी वीज घालू तेवढीच बाहेर येणार होती. भुकटी कशी करायची, लेप कसा द्यायचा, किती तापमानाला भाजायचं, हे पायरी-पायरीनं लिहिलेलं. अशी रचना आधी कोणी सांगितलेली नाही, हेही शक्य. अशा वेळी परीक्षक पेटंट देतो, आणि त्याच्या कामाच्या व्याख्येत ते चूक नसतं. ‘हे नवं आहे’ असा तो शिक्का. अण्णांनी तो ‘हे चालतं’ असा वाचला.

आपल्याकडचा कायदा तर हे स्पष्ट शब्दांत सांगतो. १९७०च्या भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये प्रस्थापित निसर्गनियमांविरुद्ध असलेल्या गोष्टींना पेटंट नाकारलेलं आहे. पण कलम १३च्या चौथ्या पोटकलमात म्हटलंय, की परीक्षण झालं म्हणजे पेटंटच्या वैधतेची हमी मिळाली असं समजू नये. सरकार स्वतःच सांगतं, की आमच्या शिक्क्यावर फार विसंबू नका. फक्त हे वाक्य माहितीपत्रकावर कोणी छापत नाही.

परीक्षकाची नजर जिथं पोचायला हवी तिथंही ती नेहमी पोचते असं नाही. हळदीची गोष्ट मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. जखमेवर हळद लावण्याला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट परीक्षकाला ठाऊक नव्हती, कारण त्याच्या कपाटात आजी नव्हती. ती लढाई आपण जिंकलो, आणि त्यातून पेटंट कार्यालयही चुकतं हे शिकलो. पण शिकलो ते अर्धवट. ‘आपलं ज्ञान चोरणारं पेटंट चुकीचं असू शकतं’ हे आपल्याला पटलं. ‘आपल्याला श्रीमंत करू पाहणारं पेटंटही पोकळ असू शकतं’ हे पटायला जड गेलं.

●

शोधता शोधता दुसरं एक पेटंट हाती लागलं, आणि या लेखातलं माझं सगळ्यात आवडतं पात्र तेच. क्रमांक २८००६१६. अर्ज १९५४चा, मंजुरी २३ जुलै १९५७ची. संशोधक जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले हॉवर्ड बेकर. सच्छिद्र कार्बनचे दोन तुकडे विद्युतवाहक द्रावणात बुडवले, तर अफाट धारकता मिळते असं त्यांना दिसलं. आत नेमकं काय घडतंय हे आपल्याला माहीत नाही, अशी कबुली त्यांनी पेटंटातच दिली आहे. सरकारी कागदावर इतकी मोकळी कबुली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

बेकरांच्या कपॅसिटरला मर्यादा होती : पाण्याच्या द्रावणातलं एक घर साधारण एक व्होल्टच सोसतं, त्यापुढे पाण्याचंच विघटन होतं. म्हणून जास्त व्होल्टेज हवं तर घरं एकावर एक रचून एकसर जोडावी लागतात. ओहायोच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीतल्या रॉबर्ट राइटमायर यांचं पेटंट १९६६ मध्ये मंजूर झालं. त्याच कंपनीच्या डोनाल्ड बूस यांचं कार्बनच्या लगद्याच्या पत्र्यांचं पेटंट १९७० मध्ये. तेल कंपनीनं स्वतः माल काढला नाही. जपानच्या एनईसीला परवाना दिला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस एनईसीनं ‘सुपरकपॅसिटर’ या नावानं तो बाजारात आणला. शर्टाच्या बटणाहून थोडी मोठी डबी, आत पाच-सहा घरं एकावर एक, काम काय, तर वीज गेली की संगणकाच्या स्मृतीला आधार द्यायचा. मोटार चालवण्याच्या गप्पा नाहीत. बेकरांच्या अर्जापासून बाजारापर्यंत जवळजवळ पाव शतक गेलं.

इकडे ‘माहीत नाही’ म्हणणारं पेटंट, त्यातून निघालेला माल आज माझ्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या मीटरांमध्येही सापडतो. तिकडे दशांश चिन्हापुढेही दोन आकडे देणारं पेटंट, आणि त्याचं काय झालं?

ईईस्टोरमध्ये २००५ मध्ये क्लायनर पर्किन्स या नामांकित गुंतवणूकदारांनी पैसे घातले. टोरांटोची ‘झेन’ ही छोट्या विजेच्या गाड्या करणारी कंपनी तिच्यावर सर्वस्व लावून बसली. जानेवारी २००८ मध्ये लॉकहीड मार्टिननं करार केला. मार्च २००८ मध्ये झेननं एका भरण्यात ४०० किलोमीटर जाणारी गाडी जाहीर केली. ती २००९च्या शरद ऋतूत यायची होती. एप्रिल २००९ मध्ये भुकटीच्या साठवणक्षमतेची त्रयस्थाकडून चाचणी झाल्याचं जाहीर झालं. टीकाकारांनी एकच विचारलं : ही क्षमता कुठल्या व्होल्टेजला मोजली? आमच्या धंद्यातला पोरगाही हेच विचारेल. कंडेन्सर मीटरवर चांगला दाखवतो आणि लाइनवर चढवला की बसतो, हे आम्ही रोज पाहतो.

५२ युनिटांची ती पेटी बाजारात आली नाही. झेनची गाडीही आली नाही. मी कोणाला लबाड ठरवत नाही. वेअर आणि नेल्सन यांचा आपल्या भुकटीवर मनापासून विश्वास असेलही. पेटंट कायदा विश्वास मोजत नाही आणि अविश्वासही मोजत नाही. मोजमाप करायचं काम प्रयोगशाळेचं, आणि ती नसेल तर ग्राहकाचं.

●

गेल्या वर्षी हे सगळं टिपण घेऊन अण्णांकडे गेलो. आता त्यांना वाचताना त्रास होतो, म्हणून मीच वाचून दाखवलं. बेकरांच्या कबुलीपाशी त्यांनी थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

“म्हणजे ज्याला कळलं नव्हतं, त्याचं चाललं,” ते म्हणाले. थोड्या वेळानं पुढे म्हणाले, “मी पण त्या दिवशी म्हणायला पाहिजे होतं, मला कळत नाही म्हणून.”

“मी पण,” मी म्हणालो. त्या दिवशी मी नुसतंच ‘थांबा’ म्हणालो होतो. ‘मला हे कळत नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीत दोन लाख घालू नका,’ असं स्वच्छ म्हटलं असतं, तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं.

पेटंटची ती प्रत त्यांनी मला देऊन टाकली. ती मी दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगतो, एकतीस हजार कंडेन्सर आहेत, फक्त कागदावर. आणि मग त्याच्या पंख्याचा कंडेन्सर मीटरवर तपासून झाला, की लाइनवरही तपासून देतो.